सत्तरीतल्या गरजू घरांसाठी प्रायोजित ट्रेक करायचा विचार आहे, डोंगर कुठला, महिना कुठला, पैसे कसे मागायचे?

रानवाट
नमस्कार मंडळी. आमचा गोव्यातल्या साखळी-वाळपई भागातला छोटा ग्रुप आहे, दोन-तीन शिक्षक, एक नर्स, बँकेतले दोघे, बाकी माझ्यासारखे फुटकळ. सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांवर जी घरं अडलेली असतात त्यांना आम्ही गाजावाजा न करता थोडं थोडं देत आलोय, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात उपचारासाठी परत परत जावं लागणाऱ्याचं गाडीभाडं, अकरावी-बारावीसाठी वाळपईला यावं लागतं त्या पोरींचा प्रवासखर्च, एकट्या बाईच्या घराची कौलं पावसाआधी बदलून देणं, असली कामं. आत्तापर्यंत खिशातून चाललं पण आता मागणारी घरं वाढली आणि आमचे खिसे तेवढेच आहेत.

तर कल्पना अशी की एक दिवसाचा प्रायोजित ट्रेक करायचा. चढणारा माणूस आपल्या ओळखीच्यांकडून आधी कबूल करून घेतो, मी इतके किलोमीटर चाललो तर तू मला किलोमीटरमागे वीस रुपये (किंवा पन्नास, किंवा ज्याची जशी ऐपत) देशील, आणि ते सगळे पैसे कामाला जातात. बाहेरदेशी हे सर्रास चालतं, आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थांसाठी पैसे गोळा करतात तसंच, फक्त आमचं गावठी. माझ्या डोक्यात सोसोगड आहे, कारण गोव्यातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हटलं की लोक खिशात हात घालतात. पण किलोमीटरमागे दर ठेवावा की सरळ एक रक्कम मागावी यावर आमच्यातच दोन तट पडलेत. कुणी असलं काही केलंय का? मोकळेपणाने बोला.

पोदेर
माझं शरीर बघता किलोमीटरमागे नको, किलोमागे दर ठेवा. एका फटक्यात सत्तरीची गरिबी हटवून दाखवतो.

गवारेडा
सोसोगड!! मी आलोच, माझं नाव लिहा. हजार मीटरच्या वरचा डोंगर आपल्या गोव्यात आहे हे निम्म्या गोंयकारांना माहीत नसतं, त्यांचा गोवा मिरामारला सुरू होतो आणि कळंगुटला संपतो. वरून म्हादईचं खोरं दिसतं, धुकं असलं तर काहीच दिसत नाही पण तेही छान. ऑगस्टमध्ये करा, हिरवंगार असतं.

वाळपयकार
गवारेडा बाब, जरा दमानं. सोसोगड म्हादई अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, पाच मित्र गेले आणि साठ माणसांचा जथा बॅनर घेऊन गेला यात फरक आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईत आगी लागल्या त्यानंतर खातं आधीच डोळ्यात तेल घालून बसलेलं असतं, आणि त्याच वर्षी पावसात मैनापीच्या धबधब्यावर माणसं बुडाली तेव्हा अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी आली. ऑगस्टमध्ये साठ नवखे लोक घेऊन जाणार आणि वाटेतल्या ओहोळाला अचानक पाणी आलं तर? पैसे गोळा करायला गेलात आणि शोधपथक बोलवायची पाळी आली म्हणजे झालं.

जायचं तर आधी वन खात्याला लेखी विचारा, तोंडी नको. आणि गावचा वाटाड्या घ्या, त्याला त्याची दिवसाची मजुरी द्या. "चांगल्या कामासाठी आहे, फुकट ये" असं त्याला म्हणू नका.

उलटतपासणी
मला एक कळत नाही, रागावू नका. गरिबाला पैसे द्यायचे तर द्या ना, त्यासाठी डोंगर कशाला चढायला हवा? तुम्ही घाम गाळलात म्हणून त्या बाईच्या कौलांना जास्त टिकाऊपणा येणार आहे का? साधा हिशेब मांडतो. साठ जण, दहा किलोमीटर, किलोमीटरमागे वीस रुपये म्हणजे एका प्रायोजकाचे दोनशे, प्रत्येकाने पाच प्रायोजक आणले तर माणशी हजार, म्हणजे सगळे मिळून साठ हजार. आता दोन बस, टी-शर्ट, बॅनर, नाश्ता, औषधपेटी, आणि एक ड्रोनवाला (तो असतोच), चाळीस हजार यातच गेले. उरलेल्या वीस हजारांसाठी साठ जणांचा रविवार. त्यापेक्षा त्या साठ जणांनी घरी बसून पाचपाचशे यूपीआय केले असते तर तीस हजार झाले असते आणि गुडघेही शाबूत राहिले असते.

दुसरं, गोव्यात गरिबी आहेच कुठे? नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात बहुआयामी गरिबी गोव्यात एक टक्क्याच्याही खाली दाखवली आहे. आपल्या खाली बहुधा केरळ एकटंच.

सांगेकरीण
उलटतपासणी, तो अहवाल मीही वाचलाय. त्यात बारा निर्देशक आहेत, पोषण, शाळा, वीज, स्वयंपाकाचं इंधन, बँक खातं वगैरे. आमच्या घरात वीज होती, बँक खातं होतं, गॅसही होता, आणि दारात एक ट्रकही उभा होता ज्याचा हप्ता फिटला नव्हता. २०१२ ला खाणी थांबल्या, मग थोड्या चालल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये परत सगळं ठप्प. तुमच्या बारा निर्देशकांत आम्ही गरीब नव्हतो. पण त्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलाने डिप्लोमा सोडला आणि अजून हॉटेलात भांडी उचलतो.

सत्तरीत, सांग्यात, काणकोणात गरिबी आहे ती उपाशीपोटी झोपणाऱ्याची नसेल फारशी, पण एक आजारपण आलं की घर बसतं अशी आहे. दयानंद सामाजिक सुरक्षेचे महिन्याला दोन हजार, गृह आधारचे दीड हजार, या सरकारी योजनांचे पैसे मोठेच आहेत, नाही म्हणत नाही. पण आतल्या वाडीवरून बांबोळीला टॅक्सी करून जा आणि ये, मग सांगा किती उरले ते. उपचार फुकट असतो हो, पण तिथपर्यंत पोचायचं कसं, आणि सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते ती कोण भरून देणार.

रानवाट
सांगेकरीण बाय, अगदी हेच. आमच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी प्रवासाच्याच आहेत. आणि जमिनीचा कागद नसणे हा दुसरा मोठा घोळ, पिढ्यान्‌पिढ्या राहतात पण आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने लागवडीला दिलेली जमीन) नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावची जमीन, मग कर्ज नाही, घरदुरुस्तीची मदत मागायला गेलं तर कागद आणा. तो प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही, कौलं तेवढी बदलू शकतो.

मालनताई_फोंडा
उलटतपासणी यांच्या "डोंगर कशाला" या प्रश्नावर. आमच्या लहानपणी वडील विनोबांची गोष्ट सांगायचे. १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला विनोबा पोचले, तिथल्या भूमिहीनांनी जमीन मागितली आणि गावातल्याच एकाने शंभर एकर देतो म्हणून सांगितलं, तिथून भूदान सुरू झालं. मग तो माणूस वर्षानुवर्षं पायी गावोगाव हिंडला. पत्र पाठवून जमीन मागता आली असती की नाही? पण पायी आलेल्या माणसाला दारातून रिकामं परत पाठवणं आपल्याकडे जड जातं. मागणारा स्वतः काहीतरी सोसतोय हे दिसलं की देणाऱ्याचा हात सैल होतो. आपल्या मातीत पायी चालण्याला आणि मागण्याला एक जुनं नातं आहे, जोगवा घ्या, माधुकरी घ्या.

उलटतपासणी
मालनताई, आदर ठेवून बोलतो, भूदानात मिळालेली कितीतरी जमीन खडकाळ निघाली आणि कितीतरी वाटलीच गेली नाही, हेही वडिलांनी सांगितलं असेल. मागताना सगळे उत्साही असतात. वाटप आणि हिशेब करायच्या वेळी कोण असतं, माझा प्रश्न तो आहे. ट्रेकचे फोटो चारशे येतील, खर्चाचा कागद एक तरी येईल का?

मालनताई_फोंडा
हे मात्र खरं बोललात. वडील सांगायचे तेही.

पोदेर
ताईंनी एवढ्या लवकर मान्य केलं? हा धागा फार सभ्य चाललाय, कुणीतरी भांडा रे.

माकडतापवाला
(मी सरकारी नोकरीत आहे, डॉक्टर, नाव विचारू नका.) भांडण मी लावतो. गवारेडा ऑगस्ट म्हणाला, बाकीचे बहुतेक जानेवारी-फेब्रुवारी म्हणतील कारण हवा चांगली असते. सत्तरीच्या रानात डिसेंबर ते मे साठ जणांना नेऊ नका. कारण माकडताप, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ ला शिमोग्याकडे क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. आपल्याकडे २०१५ मध्ये सत्तरीत पाळीच्या बाजूला उद्रेक झाला, पुढे पलीकडे दोडामार्ग-बांद्याकडेही गेला. गोचिडीतून पसरतो, डिसेंबर ते मे त्याचा मोसम, म्हणजे नेमका काजूचा मोसम, म्हणून काजू गोळा करणाऱ्या बायकांना जास्त होतो. माणसं दगावली आहेत.

रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे, पॅन्ट मोज्यात खोचलेली, अंगाला गोचीड प्रतिबंधक तेल, पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे धुवायला. आणि नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला सांगायचं की मी सत्तरीच्या रानात गेलो होतो. हे सांगत नाहीत लोक, आणि तिथे वेळ जातो.

गवारेडा
बापरे. म्हणजे पावसात बंदी आणि जळवा, उन्हाळ्यात माकडताप आणि उकाडा. मग उरतं काय?

माकडतापवाला
ऑक्टोबरची शेवटची बाजू आणि नोव्हेंबर. पाऊस गेलेला, वाटा वाळलेल्या, गोचिडीची पिल्लं अजून जोरात नसतात. तरी तेल लावाच.

वाळपयकार
डॉक्टर बरोबर बोलतायत. आमच्या आवाठातल्या (वाड्यावरच्या) म्हाताऱ्या बायका काजूला जाताना आता बाटलीतलं तेल लावून जातात, आधी हसायच्या. आणि नोव्हेंबरात गवत उंच असतं तेवढं लक्षात ठेवा, काठी हातात हवी.

एक वेगळं बोलायचंय. मूळ पोस्टमध्ये लिहिलं नाही पण कुणीतरी पुढे सुचवणारच, म्हणून आधीच बोलतो. ट्रेकची वाट ज्या वाडीला मदत करायची तिथूनच न्यायची, म्हणजे प्रायोजकांना "प्रत्यक्ष" दिसेल, असा मोह होतो लोकांना. तसं करू नका. गेल्या काही वर्षांत असले ग्रुप आमच्याकडे आलेले मी बघितलेत, पोरांना रांगेत उभं करून बिस्किटाचा पुडा हातात आणि फोटो. त्या पोरांच्या आयांना काय वाटतं ते कुणी विचारत नाही. आमची एक चुलती म्हणाली होती, बिस्किट नको पण परत येऊ नका म्हणावं.

निवांत_केपें
वाळपयकार बाब +१. आमच्याकडे केप्यातही हेच. एकाच शाळेला एका वर्षात तीन ग्रुपनी दप्तरं दिली, पोरांकडे दप्तरं जास्त आणि पुस्तकं कमी.

पोदेर
दप्तरांत आमचे पाव भरून पाठवा. पोर्तुगीज गेले, पाव राहिला, दप्तरंही राहतील.

गवारेडा
मग चंद्रनाथ करूया का? पारोड्याचा. केप्यात आहे, अभयारण्य नाही, तीन-साडेतीनशे मीटर असेल, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. नवख्यांना, म्हाताऱ्यांना, पोरांना सगळ्यांना जमेल. आणि खाली रस्ता आहे, कुणाला काही झालं तर गाडी येते, मोबाईलला रेंज आहे. सत्तरीच्या आत कितीतरी ठिकाणी रेंज नाही, १०८ ला फोन लावायचा तरी कुठून.

निवांत_केपें
चंद्रनाथला पायथ्याच्या बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते. लोक म्हणतील आम्ही पैसे दिले आणि तुम्ही कारने गेलात. चढायचं तर पायथ्यापासून जुन्या वाटेने चढा. पौर्णिमेच्या रात्री चांदणं पिंडीवर पडलं की तिला पाझर फुटतो असं आमच्याकडे मानतात, बघायला गर्दी असते, त्यामुळे पौर्णिमा टाळा नाहीतर पार्किंगवरून भांडणं होतील.

ऊन_सावली
विषय वेगळा आहे पण विचारते, वर चढायच्या आधी नाश्ता काय देणार? आमच्या ऑफिसच्या ट्रेकला प्लास्टिकच्या डब्यात इडली दिली होती आणि डोंगरावर डब्यांचा खच पडला.

सांगेकरीण
गावातल्या बायकांच्या स्वयंसहाय्य गटाला सांगा. नाचणीची भाकरी, आळसाण्यांची भाजी, उतरल्यावर सोलकढी. चढायच्या आधी तिझण (नाचणीचं गोड पेय) प्यायला द्या, दुपारपर्यंत भूक लागत नाही. केळीच्या पानावर वाढा नाहीतर प्रत्येकाने आपला डबा आणावा. केटररला पणजीहून बोलावू नका, पैसे तिथल्या तिथे राहूद्यात. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, देणगी ती नंतरची गोष्ट.

पोदेर
आणि उतरल्यावर उर्राक, आपली काजूची?

सांगेकरीण
नोव्हेंबरात उर्राक कुठून आणणार पोदेरबाब, ती मार्च ते मे. तुम्हाला गोंयकारपणाचा दाखला द्यावा की नको या विचारात आहे मी.

पोदेर
मान खाली घालून निघालो.

हिशेबनीस
मडगावात सीएची प्रॅक्टिस आहे माझी, त्या बाजूने बोलतो. रानवाट ताई, पहिला प्रश्न, तुमचा ग्रुप नोंदणीकृत आहे का? नसेल तर पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात येणार, आणि साठ जणांचे तीनशे प्रायोजक म्हणजे त्या माणसाच्या खात्यात अचानक छोट्या-छोट्या रकमांचा पाऊस. उद्या खुलासा मागितला तर तो बिचारा एकटाच. त्यापेक्षा तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, पैसे थेट तिच्या खात्यात, आणि तिच्याकडून लेखी घ्या की ही रक्कम फक्त प्रवास, शिक्षण, घरदुरुस्तीला वापरू.

करसवलतीचं लोक विचारतील. संस्थेकडे ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता) असेल तरच सवलत, बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर. रोखीत दोन हजारांच्या वर दिलं तर सवलत नाही. संस्थेने देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये भरावी लागते, मग देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट, म्हणून पॅन आणि पूर्ण नाव आत्ताच घ्या, मागाहून तीनशे लोकांना फोन करत बसायचं नको. आणि नव्या कर पद्धतीत ८०जी मिळतच नाही, त्यामुळे पगारदार मंडळींपैकी बऱ्याच जणांना याचा उपयोग शून्य. "टॅक्स वाचवा" म्हणून प्रचार करू नका, लोक नंतर शिव्या घालतील.

उलटतपासणी यांच्या हिशेबावर: त्यांचा आकडा चुकीचा नाही, पण उपाय सोपा आहे. चढणारा आपला बसचा, नाश्त्याचा, टी-शर्टचा खर्च स्वतः भरेल, ती वेगळी फी, ती देणगी नव्हे, तिची ८०जी पावती द्यायची नाही. प्रायोजकांचा प्रत्येक रुपया कामाला. दोन वेगळ्या वह्या. टी-शर्ट तर मी म्हणतो काढूच नका.

गवारेडा
टी-शर्टशिवाय ट्रेक? माझ्या बायकोला सांगू नका, कपाटात ट्रेकच्या टी-शर्टना वेगळा कप्पा आहे.

दुबईचो_बाब
मी दुबईत आहे, वडील होंड्याचे. मला पाच हजार द्यायचे आहेत, चढायला येऊ शकत नाही. माझ्या वतीने गवारेडाने चढावं. पण बाहेरून पैसे पाठवले तर काही अडचण येते असं कुणीतरी म्हणालं.

हिशेबनीस
तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे ना? मग तुम्ही अनिवासी भारतीय, परकीय स्रोत नाही, एनआरओ-एनआरई (अनिवासींच्या) खात्यातून देऊ शकता. पण आपल्या गोव्यात मोठी भानगड दुसरी आहे. ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) असलं तरी, ते कायद्याने परदेशी नागरिक. त्यांचे पैसे म्हणजे परकीय देणगी, एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच. गावातल्या छोट्या संस्थेकडे हे नसतं. मग लोक काय करतात, "भावाच्या खात्यात पाठवतो, तो देईल." तसं करू नका.

लिस्बन_रिटर्न
म्हणजे माझ्याकडे लाल पासपोर्ट आहे म्हणून मी माझ्याच गावच्या बाईच्या कौलांना पाचशे रुपये देऊ शकत नाही? माझी आजी त्याच वाड्यात वाढली.

हिशेबनीस
संस्थेला नाही. तुम्ही सुट्टीत गावी याल तेव्हा त्या बाईच्या घरी जाऊन काय कराल ते तुमचं तुम्ही. मी सीए म्हणून काही ऐकलं नाही.

लिस्बन_रिटर्न
😄 समजलो. देव बरें करूं.

अनामिक_वास्को
सगळं वाचलं. एक खटकलं ते लिहितो. "स्थानिक" म्हणजे नक्की कोण? वास्कोत, फोंड्याच्या औद्योगिक वसाहतीत, कर्नाटक-ओडिशा-बिहारातून आलेली माणसं पत्र्याखाली राहतात, गोव्यातली सगळ्यात हलाखीची घरं तीच असतील. त्यांच्यासाठी कुणी डोंगर चढत नाही. त्यांची पोरं दर दोन वर्षांनी शाळा बदलतात.

रानवाट
अनामिक, मुद्दा मान्य. आम्ही सत्तरीत राहतो, सत्तरीतली घरं माहीत आहेत, कोण खरं अडलंय आणि कोण नुसतं सांगतंय हे शेजाऱ्यापाजाऱ्याकडून कळतं. वास्कोत आम्हाला ते कळणार नाही. तुम्ही तिकडे सुरू करा, आम्ही चढायला येतो, मनापासून सांगते. आणि आमच्याकडेही परप्रांतीय कुटुंबं आहेत, बागायतीत राखणीला राहतात, त्यांच्या मुलीला मागच्या वर्षी मदत केली. वहीत गाव लिहितो, राज्य लिहीत नाही.

अनामिक_वास्को
ठीक. बघतो काही जमतं का.

ऊन_सावली
मूळ प्रश्न राहूनच गेला ना, किलोमीटरमागे दर की एकरकमी?

गवारेडा
किलोमीटरमागेच! त्यातच गंमत आहे. माझ्या भाच्याला सांगितलं प्रत्येक किलोमीटरला मामाचे पन्नास, तर तो पळत सुटेल. हाँगकाँगला ट्रेलवॉकर म्हणून आहे, १९८१ ला गुरखा सैनिकांचा सराव म्हणून सुरू झाला, नंतर लोकांसाठी खुला केला, चौघांची टीम, शंभर किलोमीटर, ४८ तासांत. आपल्याकडे बेंगळुरू-मुंबईकडेही झालेत. पूर्ण केलं म्हणून लोक पैसे देतात, अर्धवट सोडलं तर त्यात थरार कसला.

माकडतापवाला
मी याच्या पूर्ण विरोधात. किलोमीटरला पैसे लावले की माणूस थांबत नाही. पंचावन्न वर्षांचा, बीपीची गोळी चालू असलेला, दम लागला तरी विचार करतो की मी परत फिरलो तर त्या बाईचे हजार रुपये गेले. त्या नादात छातीत दुखतंय हे सांगायचं राहून जातं. गोव्यात नोव्हेंबरातही दमट हवेत घाम वाळत नाही, दहानंतर चढणं त्रासाचं होतं. गुरख्यांचं सोडा, ते गुरखे आहेत. आपण सुशेगाद.

वाळपयकार
डॉक्टरांशी सहमत. आणि एक बघा, किलोमीटर मोजणार कोण? कुणाचं घड्याळ आठ दाखवेल, कुणाचा मोबाईल साडेदहा. मग प्रायोजक म्हणणार आठचेच देतो.

हिशेबनीस
शिवाय वसुली. ट्रेक झाल्यावर कबूल केलेले पैसे मागायला जा, मग कळेल. आधी घ्या, पावती द्या, मग चढा.

पोदेर
खरंय. माझ्या दुकानातली पावाची उधारी वसूल करायला सोसोगडापेक्षा जास्त चढण आहे.

रानवाट
मंडळी, काल आमची बैठक झाली, हा सगळा धागा मोबाईलवर वाचून दाखवला, दोघेजण गवारेडाच्या बाजूचे होते, तेही शेवटी डॉक्टरांचं ऐकून गप्प झाले. ठरलं ते असं. या वर्षी सोसोगड नाही. वन खात्याला पत्र देतोय पुढच्या वर्षासाठी, मिळाली परवानगी तर वीस-पंचवीस अनुभवी लोकच जातील. यंदा चंद्रनाथ, नोव्हेंबरचा दुसरा रविवार, पायथ्यापासून पायी, पहाटे साडेपाचला सुरुवात म्हणजे दहाच्या आत खाली. पौर्णिमा नाही, बघून घेतलंय.

पैसे एकरकमी, आगाऊ, नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, त्या संस्थेच्या अध्यक्षांशी बोलणं झालंय. पायथ्याला जो आला त्याचे सगळे पैसे धरले जातील, तो पहिल्या पायरीवर बसून राहिला तरी. मध्यावर टेबल ठेवतोय, तिथे नर्स बसेल, ती म्हणाली परत फिर की परत फिरायचं, वाद नाही. टी-शर्ट नाही (गवारेडा, माफ कर). वाडीवर कुणी जाणार नाही, फोटो डोंगराचेच. आणि उलटतपासणी, तुमच्यासाठी खास, मार्चअखेर खर्चाचा कागद इथेच या धाग्यात टाकेन, नावं न टाकता, गाव आणि रक्कम.

उलटतपासणी
चढणार नाही. मार्चमध्ये येऊन बघतो.

गवारेडा
टी-शर्टचं दुःख पचवतोय. दुबईचो_बाब, तुमच्या वतीने मी चढणार ते पक्कं, पण एकरकमी झाल्यामुळे आता मी पहिल्या पायरीवर बसलो तरी तुमचे पाच हजार जाणार, हे लक्षात आलं का?

दुबईचो_बाब
आलं. व्हिडिओ कॉल लावून ठेव, वरचं देऊळ दिसलं पाहिजे.

निवांत_केपें
पारोड्याच्या बाजूला स्वयंसहाय्य गटातल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत, विचारतो. पण त्यांना आकडा आधी लागेल, नाचणी दळून आणायची असते, आदल्या रात्री साठाचे नव्वद झाले तर त्या मला धरतील. सांगेकरीण बाय, तिझणाला माणशी किती धरायचं?

सांगेकरीण
माणशी एक मोठा पेला धरा, गूळ जरा कमी. पोदेरबाबना दोन.